सागरी टाकीतील नत्रचक्राची सिद्धता : समुद्रापासून दूरच्या स्थळाच्या संदर्भात एक विवेचन

देऊळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव अरबी समुद्राच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अशा गावातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने शंभर लिटरांची काचेची टाकी घेऊन तीत सागरी मासे व प्रवाळ ठेवावयाचे ठरविले, अशी कल्पना करावी. टाकी आणली, पाण्यात क्षार विरघळविले, वाळू घातली, पंप सुरू केला, आणि दुसऱ्या दिवशी पाणी काचेसारखे स्वच्छ दिसू लागले. त्याच दिवशी तीत मासे सोडले, तर त्यांतील बहुतेक पंधरवडाभरात मरतील. पाण्याची घनता बरोबर असेल, तापमान बरोबर असेल, मासे आणताना निरोगी असतील. तरीही ते मरतील. या मृत्यूचे कारण काय आणि तो कसा टाळता येतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. मत्स्यपालकांच्या बोलीत या पूर्वसिद्धतेला टाकी 'सायकल करणे' म्हणतात. या शब्दामागे सूक्ष्मजीवशास्त्रातील जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा संबंध केवळ हौसेच्या टाकीशी नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

क्षार म्हणजे समुद्र नव्हे

मुंबईस १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयासारख्या सागरतीरावरील संस्थेस समुद्राचे पाणी हाताशी असते. आतल्या प्रदेशातील टाकीला ते कृत्रिम रीतीने तयार करावे लागते. सर्वसाधारण समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी क्लोराइड सुमारे १९·४ ग्रॅम, सोडियम १०·८, सल्फेट २·७, मॅग्नेशियम १·३, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०·४ ग्रॅम असे प्रमाण पडते. शंभर लिटर पाण्यास म्हणजे साडेतीन किलोग्रॅमांहून थोडे अधिक क्षारमिश्रण लागते. स्वयंपाकाच्या मिठाने हे काम होत नाही. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट ही योग्य प्रमाणात मिळावी लागतात.

खारेपणा एक असूनही पाणी किती भिन्न असू शकते, याचे उदाहरण देऊळगाव राजाच्या रहिवाशांना फार दूर शोधावयास नको. त्या गावाच्या पूर्वेस सुमारे ५० किलोमीटरांवर लोणारचे सरोवर आहे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या विवरातील हे पाणी खारे खरे. परंतु त्यात सोडियमची कार्बोनेटे विपुल असल्यामुळे त्याचे पीएच मूल्य समुद्राच्या ८·२ च्या आसपास न राहता दहाच्या जवळ गेल्याचे अनेकदा आढळले आहे. कार्बोनेटांच्या अशा विपुलतेत कॅल्शियम विरघळलेल्या स्थितीत फारसे राहू शकत नाही. लोणारच्या पाण्यात स्वतःची अशी सूक्ष्मजीवसृष्टी आहे. २०२० च्या जून महिन्यात ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याचे कारण लवणप्रिय आर्किया असल्याचे तपासणीत दिसले. पण ती सृष्टी प्रवाळाची नव्हे. पाणी खारे असणे ही सागरी जीवनाची केवळ पहिली अट आहे.

दुसरी अट पाण्यात दिसत नाही आणि दुकानात पुडीत बांधूनही मिळत नाही.

अमोनियाचे विष

मासे प्रथिनयुक्त अन्न खातात. त्यातील नत्राचा जो भाग शरीरात साठविला जात नाही, तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेले अन्न व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: एक विद्युद्भारित अमोनियम, आणि दुसरा भाररहित, मुक्त अमोनिया. माशाच्या कल्ल्यांतील पटलातून दुसरे रूप सहज आत शिरते आणि तेच अधिक घातक असते. या दोहोंचे परस्परप्रमाण पीएच मूल्यावर अवलंबून असते. पंचवीस अंश सेल्सियस तापमानाच्या, पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियापैकी मुक्त अमोनिया अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक असतो. त्याच तापमानाच्या, पीएच ८·२ असलेल्या समुद्राच्या पाण्यात तो सुमारे सात टक्के होतो. म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत जेवढा अमोनिया मासे एक वेळ सहन करतील, तेवढाच सागरी टाकीत सुमारे बारापट विषारी ठरतो. पीएच दहाच्या जवळ गेल्यास तर बहुतांश अमोनिया मुक्त रूपातच राहतो.

नव्या टाकीत हा अमोनिया नाहीसा करणारे कोणी नसते. पाणी स्वच्छ दिसते याचे कारणही तेच. ते निर्जीव असते.

१८७७ चा प्रयोग

अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होते, हे शेतकऱ्यांना व सोरा काढणाऱ्यांना अनुभवाने पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु ही केवळ रासायनिक क्रिया आहे की सजीवांचे कार्य आहे, याचा निर्णय झाला नव्हता. तो १८७७ साली फ्रान्समधील श्लोसिंग व म्युन्त्स या दोन शास्त्रज्ञांनी दिला. त्यांनी भाजलेली वाळू व चुनखडीची भुकटी एका लांब नळीत भरली आणि तीतून सांडपाणी अतिशय संथ गतीने झिरपू दिले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही; वरून गेलेला अमोनिया खालून तसाच बाहेर पडे. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले व थोड्याच अवधीत अमोनिया पूर्णपणे नाहीसा झाला. ही क्रिया केवळ रासायनिक असती, तर तिने वीस दिवस वाट पाहण्याचे कारण नव्हते. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म काढून घेतल्यावरही ती आपोआप सुरू झाली नाही. बागेतील मातीचे थोडे पाणी नळीत ओतल्यावर मात्र ती पुन्हा चालू झाली.

आजच्या सागरी टाकीच्या सिद्धतेतील सर्व गोष्टी या एका प्रयोगात आहेत: सच्छिद्र आधार, वाहते पाणी, अमोनियाचा पुरवठा, प्रतीक्षेचा काळ, विषाने होणारा नाश आणि बीजारोपण. पुढे इंग्लंडात रोदमस्टेड येथे वॉरिंग्टन याने ही क्रिया दोन पायऱ्यांनी होते, असे दाखविले. पहिल्या पायरीत अमोनियाचे नायट्राइट होते व दुसरीत नायट्राइटचे नायट्रेट. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की याने सेंद्रिय द्रव्यविरहित माध्यमात हे जीवाणू वाढवून दाखविले. अमोनियाच्या वा नायट्राइटच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते जगतात आणि आपले शरीर कार्बन डायऑक्साइडापासून घडवितात, हे त्याच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

वीस दिवसांचे गणित

या जीवनपद्धतीतच विलंबाचे कारण दडलेले आहे. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणारी ऊर्जा अल्प असते, आणि तिचा मोठा भाग कार्बनचे स्थिरीकरण करण्यात खर्च होतो. त्यामुळे हे जीवाणू मंदगतीने वाढतात. आतड्यातील एश्चेरिशिया कोलाय हा जीवाणू अनुकूल माध्यमात वीस मिनिटांत दुप्पट होतो; नायट्रीकारक जीवाणूंना चांगल्या परिस्थितीतही कित्येक तास लागतात. टाकीत त्यांना दुप्पट होण्यास एक दिवस लागतो असे धरले, तर दहा दिवसांत त्यांची संख्या सुमारे हजारपट व वीस दिवसांत दहालक्षपट होईल. हवेतून, हातांवरून किंवा क्षारांबरोबर चुकून आलेल्या मोजक्या जीवाणूंपासून उपयुक्त लोकसंख्या तयार होण्यास तीनचार आठवडे का लागतात, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

बीजारोपणाचे महत्त्वही यावरूनच उलगडते. चालू असलेल्या सागरी टाकीतील मूठभर वाळूने आरंभीची संख्या हजारपटीने वाढविली, तर दहा दुपटींचा, म्हणजे दहा दिवसांचा काळ वाचतो. मात्र बीज सागरी असले पाहिजे. बागेतील मातीने श्लोसिंग व म्युन्त्स यांचे काम भागले. पण गोड्या पाण्यातील वा मातीतील जीवाणूंना एकदम ३५ ग्रॅम क्षारतेत टाकल्यास त्यांचे कार्य मंदावते वा बंद पडते. ज्या टाकीतून बीज घ्यावयाचे ती रोगमुक्त आहे, याचीही खात्री करून घ्यावी लागते.

सिद्धतेची पद्धती

पूर्वी या कामासाठी काही काटक मासे टाकीत सोडून त्यांच्या उत्सर्गातून जीवाणू वाढू देण्याचा प्रघात होता. जे जगले ते जगले, अशी ती रीत होती. आज तिची आवश्यकता नाही. अमोनियम क्लोराइड तोलून घातल्यास तेच कार्य जीवहानीविना होते. शंभर लिटर पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया-नत्र असावयाचे, तर सुमारे ०·७६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड पुरते. मात्रा याहून फार वाढविण्यात लाभ नाही. मुक्त अमोनिया नायट्राइटचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या जीवाणूंना बाधक असल्याने दुसरी पायरी त्यामुळे लांबते. शुद्ध पाणी व शुद्ध रसायन यांत फॉस्फेटाचा अभाव असतो. माशांच्या खाद्याची एक चिमूट ती उणीव भरून काढते. दिवे या काळात बंद ठेवावे, कारण प्रकाश नायट्रीकारकांना प्रतिकूल व शेवाळाला अनुकूल असतो.

दोन राशी येथे विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली प्राणवायूची. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट होण्यास रासायनिक समीकरणानुसार ४·५७ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे वरील मात्रेस लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम. पंचवीस अंशांवर हवेने संपृक्त झालेल्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे प्राणवायू असतो तो सातही मिलिग्रॅम नाही. एकाच मात्रेस टाकीतील सर्व प्राणवायू अपुरा आहे. पाण्याचा पृष्ठभाग सतत ढवळता राहिला, तरच क्रिया चालेल. ज्या गावी वीजपुरवठा खंडित होतो, तेथे बॅटरीवर चालणारा हवापंप हाताशी असणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

दुसरी राशी अल्कतेची. या क्रियेत आम्ल तयार होते, आणि प्रत्येक मिलिग्रॅम नत्रामागे ७·१४ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या तोलाची अल्कता खर्च होते. समुद्राच्या पाण्याची अल्कता त्याच मापाने लिटरमागे सुमारे ११५ मिलिग्रॅम असते. दोन मिलिग्रॅमांच्या आठ मात्रांत ती जवळजवळ संपते. अनेकदा मात्रा देऊनही अमोनिया उतरत नाही, तेव्हा जीवाणू मेले असे समजण्यापूर्वी अल्कता मोजून पाहावी.

मोजणीचा क्रम ठरलेला असतो. प्रथम अमोनिया चढतो. काही दिवसांनी तो उतरू लागतो व नायट्राइट चढते. त्यानंतर नायट्राइट उतरते व नायट्रेट वाढते. अमोनियासाठी सॅलिसिलेटची हिरवट रंग देणारी कसोटी वापरावी. नेसलरचे द्रव्य समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम व कॅल्शियम यांमुळे गढूळ होते आणि त्यात पाराही असतो. नायट्राइटसाठी ग्रीसच्या गुलाबी रंगाच्या कसोटीचा उपयोग होतो. नायट्रेटच्या बहुतेक कसोट्यांत नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मग हाच रंग पाहतात. त्यामुळे पाण्यात नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटचा आकडा विश्वसनीय मानू नये. सागरी टाकीत नायट्राइट माशांना गोड्या पाण्यातल्याइतके घातक नसते, कारण विपुल क्लोराइड त्याला कल्ल्यांतून शिरू देत नाही. तेथे नायट्राइटचे महत्त्व विष म्हणून कमी व लक्षण म्हणून अधिक आहे: ते दिसत आहे तोपर्यंत दुसरी पायरी अपुरी आहे.

टाकी सिद्ध झाली हे केव्हा म्हणावयाचे? दिनदर्शिकेवरून नव्हे. दोन मिलिग्रॅमांची पूर्ण मात्रा दिल्यानंतर चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येणे, आणि असे दोनतीन वेळा सलग घडणे, ही कसोटी होय. या क्षमतेचा अर्थ आकड्यांत पाहता येतो. चाळीस टक्के प्रथिने असलेल्या एक ग्रॅम खाद्यात सुमारे ६४ मिलिग्रॅम नत्र असते. त्यातील निम्मे अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरते असे धरले, तर शंभर लिटरांत रोज २०० मिलिग्रॅम नत्र पचविणारी टाकी दररोज सुमारे सहा ग्रॅम खाद्याचा भार पेलू शकते. एवढ्या टाकीत घातले जाणारे खाद्य याहून पुष्कळ कमी असते. तरीही प्राणी थोडेथोडे व अंतराने सोडावे; आणि मधल्या काळात टाकी रिकामी राहिल्यास अमोनियाची लहान मात्रा चालू ठेवावी, अन्यथा अन्नावाचून जीवाणूंची क्रियाशीलता घटते.

उरलेला अर्धा भाग

येथपर्यंतच्या क्रियेला चक्र म्हटले जाते खरे, परंतु ते पूर्ण चक्र नव्हे. अमोनियातील नत्र नायट्रेटमध्ये जाऊन थांबते. प्रत्येक दोन मिलिग्रॅम नत्रामागे जवळजवळ नऊ मिलिग्रॅम नायट्रेट पाण्यात साचते. नैसर्गिक प्रवाळक्षेत्राच्या पाण्यात नायट्रेट सामान्यतः लिटरमागे एक मिलिग्रॅमाच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. नायट्रेटचे पुन्हा नत्रवायूत रूपांतर करणारे जीवाणू प्राणवायू नसलेल्या जागी आणि सेंद्रिय अन्न मिळत असता हे कार्य करतात. सच्छिद्र खडकाच्या गाभ्यात व खोल वाळूच्या थरात अशी जागा मिळते. खडकाच्या बाह्य पृष्ठावर नायट्रीकरण व आत काही मिलिमीटरांवर विनायट्रीकरण, असे दोन परस्परविरुद्ध व्यवहार एकाच दगडात चालतात. ही व्यवस्था बसण्यास आठवडे नव्हे, महिने लागतात. म्हणून मासे सोडण्यास योग्य झालेली टाकी प्रवाळांस योग्य झाली असे समजू नये.

देऊळगाव राजाच्या संदर्भात या भागास वेगळे महत्त्व आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासण्यांत बुलढाणा जिल्ह्यातील भूजलाच्या काही नमुन्यांत नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेहून अधिक आढळले आहे. भारतीय मानकानुसार ही मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. मर्यादेच्या आतील पाणीही प्रवाळक्षेत्राच्या पाण्याहून नायट्रेटने शेकडो पटींनी संपन्न असू शकते. अशा विहिरीच्या पाण्यात सागरी क्षार मिसळून टाकी भरली, तर ती सिद्धतेपूर्वीच नायट्रेटने भारलेली असेल. तेव्हा व्यस्त परासरणाने वा ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेले पाणीच घेणे प्राप्त आहे. कडक उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी घटते, क्षार मात्र मागे राहतात. ती तूटही शुद्ध पाण्यानेच भरावी.

या विहिरींत नायट्रेट आले ते कोठून? युरिया व शेणखत यांतून सुटलेल्या अमोनियाचे शेतातील मातीत जे नायट्रीकरण होते, ते टाकीतल्या क्रियेहून तत्त्वतः निराळे नाही. मातीचे कण अमोनियम धरून ठेवतात. ऋणभारित नायट्रेट मात्र पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपते व बेसाल्टच्या भेगांतून विहिरीस मिळते. वाटेत प्राणवायुरहित स्तर व सेंद्रिय कार्बन मिळाला नाही, तर विनायट्रीकरणाची शेवटची पायरी घडत नाही. उथळ टाकीत नायट्रेट साचते ते याच कारणाने. गावच्या विहिरीचा प्रश्न काचेच्या आडून, शंभर लिटरांच्या मापात, विद्यार्थ्यांना दिवसेंदिवस मोजून पाहता यावा, हा या टाकीचा मोठा शैक्षणिक उपयोग होय.

मत्स्यालयातून मिळालेले ज्ञान

हौसेची वस्तू म्हणून अशा टाक्यांची उपेक्षा करणाऱ्यांनी एक घटना लक्षात ठेवावी. विनोग्राद्स्कीपासून शंभरांहून अधिक वर्षे अमोनियाचे असे ऑक्सिडीकरण जीवाणूच करतात, अशी समजूत होती. २००५ साली कोन्नेके व सहकाऱ्यांनी अमोनियावर वाढणारा एक आर्किया शुद्ध संवर्धनात मिळविल्याचे प्रसिद्ध केले. त्यास पुढे नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हे नाव मिळाले, आणि तो सापडला होता अमेरिकेतील सिॲटल येथील मत्स्यालयाच्या एका सागरी टाकीतील वाळूत. जीवाणूंपेक्षा कितीतरी अल्प प्रमाणातील अमोनिया हा आर्किया वापरू शकतो. महासागरांत त्याचे सजातीय विपुल आहेत. नायट्राइटच्या बाबतीतही पाठ्यपुस्तकांतील नायट्रोबॅक्टरऐवजी नायट्रोस्पायरा हा जीवाणू मत्स्यालयांच्या गाळण्यांत प्रमुख असल्याचे १९९८ साली दिसून आले. आणि नायट्रोस्पायराच्या काही जाती दोन्ही पायऱ्या एकट्यानेच पार पाडतात, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. यावरून टाकीची आरंभीची सिद्धता करणारे जीव व वर्षभरानंतर अल्प अमोनियावर तिचा भार वाहणारे जीव एकच असतात काय, असा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अभ्यासास सहज सुचतो.

प्रवाळांविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालवणच्या परिसरात, जेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात आंग्रिया बँक या उंचवट्यावर प्रवाळ आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश झालेला आहे. ते समुद्रातून काढणे हा अपराध आहे. महाविद्यालयाची टाकी कृत्रिम सच्छिद्र खडक, सागरी बीज व विधिमान्य मार्गाने मिळालेले प्राणी यांवरच उभी राहिली पाहिजे. सिद्धता न करता टाकीत घातलेला प्रवाळ मरतो, आणि त्याची वर्षानुवर्षांची वाढ एका पंधरवड्यात वाया जाते.

म्हणून पाणी भरल्याच्या दिवसापासून प्राणी सोडण्याच्या दिवसापर्यंतचा काळ हा वाया गेलेला काळ मानू नये. त्या काळात टाकी रिकामी दिसते, परंतु वाळूच्या प्रत्येक कणावर एक वस्ती वाढत असते. श्लोसिंग व म्युन्त्स यांना तिच्यासाठी वीस दिवस थांबावे लागले. आजच्या विद्यार्थ्याला ती वाढताना रोज मोजता येते. आणि ज्या दिवशी त्याच्या नोंदवहीत अमोनिया व नायट्राइट यांपुढे सलग तिसऱ्यांदा शून्य पडेल, त्याच दिवशी पहिला मासा टाकीत सोडण्याचा त्याला अधिकार प्राप्त होईल.